नेताजी पालकर : परतायला स्वतःचे वतन नसलेला सरदार

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल मागे टाकून खोपोलीकडे निघाले, की डावीकडे प्रबळगड आणि इर्शाळचे सुळके दिसू लागतात आणि उजवीकडे, पाताळगंगेच्या पलीकडे, माणिकगड. मधल्या सपाटीवर चौक हे गाव आहे. कर्जतकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे सरनोबत नेताजी पालकर याच गावचे, असे परंपरा सांगते. गावात त्यांचे स्मारक आहे.

या स्मारकाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले, की त्याखाली ठरलेले पक्ष उभे राहतात. एक 'प्रतिशिवाजी' म्हणून वंदन करतो. दुसरा 'शत्रूला मिळालेला' म्हणून नाक मुरडतो. अलीकडे तिसरा एक पक्ष जोर धरू लागला आहे: नेताजींचे जाणे ही महाराजांनीच रचलेली मसलत होती, असे तो सांगतो. तिन्ही पक्ष एकाच प्रश्नाभोवती फिरतात. नेताजी निष्ठावंत होते की नव्हते?

या धाग्याचे म्हणणे असे, की प्रश्नच अपुरा आहे. सतराव्या शतकातला सरदार समजून घ्यायचा, तर आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्याची जमीन कोठे होती, आणि त्याची सोयरीक कोणाशी होती. या दोन गोष्टी नजरेसमोर ठेवून १६६६ सालाकडे पाहिले, तर नेताजींचे चरित्र वेगळे दिसू लागते, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यात जागा मिळते. एरवी ती मिळत नाही.

प्रारंभ मुलखापासून करू. कर्जत आणि खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा पट्टा. एकीकडे उल्हास, दुसरीकडे पाताळगंगा, आणि डोक्यावर बोरघाट, कुसूर, कुरवंडे अशा घाटवाटा. देशावरून कल्याण-पनवेलच्या बंदरांकडे जाणारा माल याच वाटांनी उतरे. ऑक्टोबर १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि हा पट्टा स्वराज्याच्या हातात येऊ लागला. याच सुमारास माणकोजी दहातोंडे यांच्यानंतर सरनोबती नेताजींकडे आली. घाटाच्या तोंडाशी वाढलेल्या माणसाकडे स्वराज्याची घोडदळे सोपवली गेली, यात योगायोगापेक्षा अधिक काही असावे.

पुढची आठ वर्षे ठाऊक असलेलीच आहेत, म्हणून थोडक्यात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान पडला; त्यानंतर त्याच्या फौजेची जी वाताहत झाली, तीत नेताजींच्या घोडदळाचा मोठा वाटा होता. पुढच्या महिन्यात कोल्हापूरजवळ रुस्तुम-ए-जमानचा पराभव झाला, तेथेही ते होते. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा बाहेरून फोडण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. हे अपयश ध्यानात ठेवावे. त्या वेळी पन्हाळ्यापाशी नेताजींना यश आले नाही, तरी त्यांची सरनोबती गेली नाही. १६६३ मध्ये मोगल मुलखातल्या स्वारीत त्यांचा पाठलाग झाला आणि ते जखमी होऊन निसटले. मोगल छावणीत त्यांना 'दुसरा शिवाजी' म्हणत, ते काही कौतुकाने नव्हे.

खालापूरचा विषय आहे तर उंबरखिंड ओलांडून पुढे जाता येणार नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये कुरवंडे घाट उतरून आलेल्या कारतलबखानाला महाराजांनी चावणी गावाजवळच्या या अरुंद दरीत गाठले. खानाबरोबर माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई, म्हणजेच रायबागन, होत्या. शरण जाण्याचा सल्ला खानाला त्यांनीच दिला, असे सांगतात. माहूर आजच्या नांदेड जिल्ह्यात येते. या बाईंनी मोगलांची चाकरी केली, पण त्यामागे त्यांचे माहूरचे देशमुखी वतन होते. धनी बदलला तरी वतन घराण्याकडे राहते, हा त्या काळातल्या देशमुखांचा मुख्य आधार.

आता मूळ मुद्दा. महाराजांच्या राज्याचे वेगळेपण सांगताना प्रत्येक पाठ्यपुस्तक एक गोष्ट सांगते: त्यांनी सरदारांना जहागिरी देण्याचे शक्यतो टाळले आणि रोख वेतनाची पद्धत चालवली. पागेतल्या बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, पण तोही वेतनावर. लुटीतले सोने-नाणे सरकारजमा. सभासदाने पंचहजारी सरदाराचे वेतन वर्षाला २००० होन असे दिले आहे. जहागीर हाती आली की सरदार तिथला राजा होतो, किल्ला बांधतो, पुढे धन्याशीच भांडतो. आदिलशाहीत आणि निजामशाहीत हे घडलेले होते. महाराजांनी ती वाट बंद केली, आणि राज्य उभे राहिले त्याचे हे एक मोठे कारण.

हे सारे खरेच. पण या पद्धतीची दुसरी बाजू पाठ्यपुस्तकात येत नाही. रोख वेतनावरचा सरदार धन्याच्या मर्जीतून उतरला, तर तो जातो कोठे? फलटणच्या निंबाळकरांना फलटण होते. कारीच्या जेध्यांना देशमुखी होती. म्हणूनच १६५९ मध्ये कान्होजी जेध्यांनी महाराजांपुढे वतनावर पाणी सोडले, ही घटना एवढी मोठी ठरली; सोडण्याजोगे काही त्यांच्यापाशी होते. सरनोबत नेताजींपाशी होते ते घोडदळ, नाव आणि पगार. तिन्ही गोष्टी सरनोबतीबरोबर आलेल्या आणि तिच्याबरोबरच जाणाऱ्या.

येथे थोडे दूर, पाचशे वर्षे मागे आणि थेट जर्मनीत जाऊ. हा फेरा व्यर्थ नाही.

बाराव्या शतकात जर्मनीत वेल्फ घराण्यातला हाइनरिश नावाचा एक सरदार होता. लोक त्याला 'सिंह' म्हणत. सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन मोठ्या प्रांतांचा तो ड्यूक होता. आजचे म्यूनिक शहर त्यानेच ११५८ मध्ये नावारूपाला आणले. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हा त्याचा सख्खा आतेभाऊ. ११७६ मध्ये सम्राट इटलीच्या शहरांशी लढत होता आणि त्याला कुमक हवी होती. कियावेन्ना येथे त्याने हाइनरिशकडे ती मागितली. सम्राटाने त्याच्यापुढे गुडघे टेकले, असेही नंतरचे इतिहासकार लिहितात. हाइनरिशने नकार दिला. त्याच वर्षी मे महिन्यात लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला.

वेळेवर न पावलेल्या सरदाराला सम्राटाने चार वर्षांनी गाठले. खटला चालला, ११८० मध्ये दोन्ही प्रांत काढून घेण्यात आले. सॅक्सनीचे तुकडे झाले, बव्हेरिया विटेल्सबाख घराण्याला गेली. ११८२ मध्ये हाइनरिश हद्दपार झाला. पण तो गेला कोठे? सासुरवाडीस. त्याची पत्नी माटिल्डा ही इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची मुलगी. जावयाला सासऱ्याने तीन वर्षे सांभाळले. ११८५ मध्ये तो परतला, तेव्हाही ब्राउनश्वाइग आणि भोवतालची जमीन त्याचीच होती, कारण ती सम्राटाने दिलेली नव्हती; वाडवडिलांची होती. आपल्या भाषेत सांगायचे तर सॅक्सनी आणि बव्हेरिया ही त्याची जहागीर, आणि ब्राउनश्वाइग हे वतन. जहागीर गेली, वतन राहिले. ११९५ मध्ये तो आपल्याच गावी वारला, पत्नीशेजारी आपणच बांधलेल्या चर्चमध्ये पुरला गेला, आणि त्याचा मुलगा ओटो १२०९ मध्ये सम्राट झाला.

धन्याच्या रोषातून हाइनरिशला तारले ते दोन गोष्टींनी, स्वतःच्या जमिनीने आणि सासऱ्याने. नेताजींची कहाणी या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचावी.

११ जून १६६५ रोजी पुरंदरचा तह झाला. महाराजांच्या ताब्यातील २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांकडे गेला. १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख उरला. दिलेल्या किल्ल्यांत माणिकगड होता, प्रबळगड होता. म्हणजे चौकच्या अंगणातून दिसणाऱ्या दोन्ही बाजूंच्या किल्ल्यांवर आता मोगली निशाण फडकत होते. स्वराज्याच्या सरनोबताचे गाव शत्रूच्या सावलीत गेले होते. तहाची चर्चा करताना आपण किल्ल्यांची संख्या मोजतो. त्या किल्ल्यांच्या पायथ्याशी कोणाची घरे होती, याचा विचार सहसा करत नाही.

तहानुसार महाराजांना विजापूरवरच्या मोहिमेत मिर्झाराजे जयसिंगांच्या बाजूने उतरावे लागले. नेताजी बरोबर होते. डिसेंबर १६६५ मध्ये मराठी फौजेने फलटण घेतले. कालपर्यंत ज्या मोगलांशी लढायचे, त्यांच्यासाठी ही लढाई. मग १६ जानेवारी १६६६ ची पहाट उजाडली. महाराजांनी पन्हाळ्यावर छापा घातला आणि तो फसला. सुमारे हजार माणूस मेले किंवा जायबंदी झाले. सभासद सांगतो, की नेताजी वेळेवर पोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना दूर केले आणि सरनोबती कुडतोजी गुजरांना दिली. मोगल कागदांच्या आधारे लिहिणारे जदुनाथ सरकार वेगळे कारण देतात: पराक्रमाचे आणि झालेल्या नुकसानीचे पुरेसे मोल मिळाले नाही, म्हणून नेताजी नाराज होते.

दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. पराभवाच्या दिवशी धन्याला सरदाराचा उशीर दिसतो आणि सरदाराला आठ वर्षांचा हिशेब आठवतो. १६६० मध्ये याच पन्हाळ्यापाशी आलेले अपयश पचले होते, कारण राज्य वाढत होते. १६६६ मध्ये राज्य एक लाख होनांवर आले होते, आणि अपयश पचवण्याजोगे कोणापाशी काही उरले नव्हते.

नेताजी विजापूरला गेले. आदिलशाहीने त्यांना चार लाख होन दिले. हा आकडा पुन्हा वाचावा. तहानंतर महाराजांच्या हाती उरलेल्या साऱ्या मुलखाच्या वार्षिक उत्पन्नाच्या चौपट. अर्थात ती रक्कम एकट्याच्या घरात जाणारी नव्हती. तिच्यातून फौज पोसायची असणार. पण दक्खनच्या बाजारात नेताजींच्या घोडदळाची किंमत काय होती, हे तीवरून कळते. त्यांनी लगेच मोगल मुलखात धुमाकूळ सुरू केला.

महाराज ५ मार्च रोजी आग्र्याकडे निघाले. मिर्झाराजे घाबरले होते. विजापूरची मोहीम फसत होती आणि नेताजी विरुद्ध बाजूला होते. २० मार्च १६६६ रोजी त्यांनी नेताजींच्या साऱ्या मागण्या मान्य करून त्यांना मोगलांकडे ओढले. या मागण्या पाहण्यासारख्या आहेत. पाच हजारी मनसब, ३८००० रुपये रोख, आणि जहागीर. जहागीरसुद्धा नव्याने जिंकलेल्या अस्थिर मुलखात नको. बादशाहीच्या जुन्या, बसलेल्या, वसूल होणाऱ्या प्रांतात हवी. ज्याला आयुष्यभर रोख वेतन मिळाले, तो सरदार हाती संधी येताच पहिली कोणती गोष्ट मागतो? जमीन. तीही न हलणारी. या एका अटीत नेताजींचे मन जेवढे दिसते, तेवढे 'प्रतिशिवाजी' किंवा 'गद्दार' या दोन्ही शब्दांत मिळून दिसत नाही.

'हे सारे ठरवून केले होते' या पक्षाला येथे उत्तर द्यावे लागते. ठरवून जायचे होते, तर आधी विजापूरला जाऊन, मोगलांचा मुलूख लुटून, मग मोगलांशी घासाघीस कशासाठी? समकालीन कागद या मसलतीला दुजोरा देत नाहीत. शिवाय ही कल्पना वरवर नेताजींचा मान राखते, पण खरे पाहता त्यांचे मन काढून घेते. धन्याने हलवले तसे हललेले प्यादे होऊन ते उरतात. रागावलेला, हिशेब मागणारा, आपल्या माणसांची सोय पाहणारा चाळिशी-पन्नाशीच्या आसपासचा सरदार हा अधिक खरा वाटतो आणि अधिक आदरासही पात्र आहे.

सतराव्या शतकात धनी बदलणे ही रोजची गोष्ट होती. शहाजीराजांनी निजामशाही, मोगल, आदिलशाही अशा तिन्ही दरबारांत चाकरी केली. १६७८ च्या डिसेंबरात युवराज संभाजीराजे स्वतः दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले. नेताजींच्या बाबतीत वेगळे घडले ते पुढे.

१७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले. औरंगजेबाचा संशय लगेच नेताजींवर गेला. शिवाजी हातचा गेला, आता दुसरा तरी जाऊ नये, असा तो हिशेब. ऑक्टोबरमध्ये धारूरच्या छावणीत त्यांना पकडण्यात आले. दिलेरखानाच्या पहाऱ्यात त्यांची दिल्लीला रवानगी झाली. बरोबर त्यांचे चुलते कोंडाजी होते.

मनसब मिळाली होती, जहागीर कबूल झाली होती. पण बादशाही जहागीर म्हणजे वतन नव्हे. ती लेखणीच्या एका फटकाऱ्याने येते आणि जाते. हाइनरिशला सम्राटाने पदच्युत केले तेव्हा त्याला जायला ब्राउनश्वाइग होते. नेताजी दिल्लीच्या कैदेत होते तेव्हा चौकवर माणिकगड आणि प्रबळगडाचे मोगली पहारे होते. त्याहून बिकट गोष्ट सोयरिकीची. पालकर घराण्यातील पुतळाबाई महाराजांच्या राणी होत्या. पुढे महाराजांच्या कन्या कमळाबाई जानोजी पालकरांना दिलेल्या दिसतात. म्हणजे घराण्याची सर्वांत मोठी सोयरीक ज्या घरी, त्याच घरच्या धन्याशी नेताजींचे बिनसले होते. हाइनरिशचा सासरा दुसऱ्या देशाचा राजा होता, म्हणून कामी आला. पालकरांची सोयरीक आणि चाकरी एकाच वाड्यात होती. एक दार बंद झाले की दुसरे उघडे राहण्याची सोयच नव्हती.

१६६७ मध्ये दिल्लीत नेताजींचे धर्मांतर झाले. त्यांचे नाव मुहम्मद कुलीखान ठेवण्यात आले, तीन हजारी जात आणि दोन हजार स्वार अशी मनसब मिळाली. मिर्झाराजांनी पाच हजारीचे वचन दिले होते, हे येथे नोंदवून ठेवावे. चुलते कोंडाजीही त्याच वाटेने गेले. मग नेताजींच्या बायका दिल्लीला आणवण्यात आल्या. त्या सुरुवातीला तयार नव्हत्या. अखेर इस्लामी पद्धतीने त्यांचा नेताजींशी पुन्हा विवाह लावण्यात आला.

या स्त्रियांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. दरबारी लेखकाला त्यांच्या नावांशी कर्तव्य नव्हते. त्या 'मुहम्मद कुलीच्या बायका' होत्या. पण साऱ्या प्रकरणात नकार देण्याची हिंमत नोंदली गेली ती त्यांचीच. नवरा कैदेत, माहेर-सासर दोन्ही शेकडो कोस दूर, भोवती परकी भाषा, आणि तरीही त्यांनी आधी नकार दिला. पुढे त्या का वळल्या, हे समजायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. नेताजींच्या धर्मांतरावर हजारो शब्दांचे वाद झडतात. ज्या बायकांनी दोनदा एकाच पुरुषाशी लग्न केले, दोन वेगळ्या धर्मांत, त्यांच्यावर कोणी भांडत नाही. खरे तर सरदाराचे घराणे म्हणजे ही माणसे. मनसबीचे आकडे नंतर येतात.

नव्या मनसबदाराची नेमणूक काबूलकडे झाली. दक्खनपासून जितके दूर ठेवता येईल तितके. वाटेत, लाहोरजवळ, त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि ते पकडले गेले. निष्ठेच्या प्रश्नावर वाद घालणाऱ्यांनी हा प्रयत्न एकदा तरी विचारात घ्यावा. कबूल केलेल्या धर्मात, मिळालेल्या मनसबीसह, बायका बादशाहीच्या मुठीत असताना हा माणूस पळायला निघाला होता.

पुढची सुमारे नऊ वर्षे वायव्य सरहद्दीवर गेली. १६७२ मध्ये खैबरच्या भागात आफ्रिदींनी मोगल फौजेची धूळधाण केली, तो हा काळ. घाटवाटांत शत्रूला कोंडून मारणे ज्या माणसाला ठाऊक होते, तो आता दुसऱ्या घाटवाटांत कोंडल्या जाणाऱ्यांच्या बाजूला उभा होता. उंबरखिंडीत कारतलबखानाची जी गत झाली, ती काय असते हे त्याला मोगल पक्षाकडून पाहावे लागले असणार. इतिहास कधी कधी फारच निर्दय विनोद करतो.

इकडे स्वराज्य बदलत होते. १६७० मध्ये गेलेले किल्ले परत येऊ लागले. प्रबळगड मराठ्यांनी घेतला. मोगलांचा किल्लेदार केसरसिंह हाडा लढताना पडला आणि त्याच्या घरच्या स्त्रियांनी जोहार केला. चौकचे आकाश पुन्हा आपले झाले, तेव्हा चौकचा सरनोबत काबूलच्या वाटेवर होता. नेताजींच्या जागी आलेले प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मेले. उमराणीला त्यांनी बहलोलखानाला सोडून दिले होते, त्यावर महाराजांचे खरमरीत पत्र आले होते. दोन सरनोबत, दोघांनाही धन्याचा बोल लागलेला. एक निघून गेला, एक मरणाकडे धावला. आपण दुसऱ्याची गाणी गातो. पण प्रतापरावांच्या मागे महाराजांनी त्यांची मुलगी जानकीबाई राजारामांना करून घेतली, ही गोष्टही त्याच धन्याची. बोल लावणारा हात घराणे सावरणाराही होता.

नेताजींच्या परतण्याकडे त्या दृष्टीने पाहावे. १६७६ मध्ये दिलेरखानाबरोबर त्यांची पुन्हा दक्खनेत नेमणूक झाली. ज्याने पकडून नेले, त्याच्याच छावणीतून ते निसटले आणि रायगडाला आले. शके १५९८ च्या आषाढ वद्य चतुर्थीस, म्हणजे १९ जून १६७६ रोजी, त्यांनी प्रायश्चित्त घेतले, अशी नोंद जेधे शकावलीत आहे. शकावली ही तिथीवार टिपणांची यादी. तीत भावना नसतात. दहा वर्षांचा वनवास एका ओळीत मावला आहे.

या प्रसंगाची चर्चा नेहमी धर्मशास्त्राच्या अंगाने होते: परधर्मात गेलेल्याला परत घेता येते का, ब्राह्मणांनी काय म्हटले, काळ किती पुढचा होता. ते महत्त्वाचे आहेच. पण त्या काळात प्रायश्चित्ताचा अर्थ देवघरापुरता नव्हता. पंगतीत बसता येणे, मुलामुलींची लग्ने होणे, मेल्यावर खांदा मिळणे, हे सारे त्यावर अवलंबून होते. ज्या सरदाराला पन्हाळ्याखाली दूर केले, त्याला महाराजांनी सरनोबती परत दिली नाही. ती तोवर हंबीरराव मोहित्यांकडे होती, आणि ती काढून घेणे अन्यायाचे झाले असते. त्यांनी दिले ते घर. कमळाबाई आणि जानोजींचे लग्न या शुद्धीनंतर झाले, असे लोककथा सांगते. ते कधीही झालेले असो, पालकरांशी सोयरीक महाराजांनी तुटू दिली नाही, एवढे तीवरून नक्की होते. जो धनी वतने देत नव्हता, तो मुली देत होता. ही त्या राज्याची दुसरी अर्थव्यवस्था म्हणावी लागेल, आणि तिचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

महाराजांच्या निधनानंतर, २७ जून १६८० रोजी, पालकरांच्या पुतळाबाई सती गेल्या. नेताजींच्या प्रायश्चित्ताला तेव्हा चार वर्षे आणि काही दिवस झाले होते.

नेताजींची समाधी चौकला नाही. ती आहे नांदेड जिल्ह्यात, हदगाव तालुक्यातील तामसा या गावी, आणि पालकर घराण्याची वस्तीही तेथे आहे. ज्या माहूरच्या रायबागन खालापूरच्या उंबरखिंडीत अडकल्या होत्या, ते माहूर याच जिल्ह्यात. खालापूरचा सरदार माहूरच्या बाजूला विसावला आणि माहूरची देशमुखीण खालापूरच्या दरीत शरण आली. दोन्ही ठिकाणांमध्ये साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचे अंतर आहे.

कर्जत, खालापूर, हदगाव या भागांतील वाचकांना एक विनंती. घरात मोडीतील जुने कागद, वंशावळी किंवा सोयरिकींच्या याद्या असतील, तर त्यांची स्वच्छ उजेडात छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मोडी जाणणाऱ्यांना दाखवावीत. विशेषतः ज्या कागदांत बायकांची नावे आली असतील, ते.